लोगो माझ्या क्रोममध्ये मस्त, मामाच्या आयफोनवर गायब

केळीवाला_रावेर:
भो मंडळी, मदत करा. मामाची केळीची वखार आहे सावद्याला, त्यांच्यासाठी फुकटात वेबसाईट बनवतोय (फुकटात म्हणजे तुम्ही समजून घ्या, भाचा आहे). वर गडद हिरवी पट्टी आणि तिच्यावर केळीच्या घडाचा लोगो. लोगो फ्लेक्सवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, तो जेपीजी निघाला, मागचं पारदर्शक हवं तर पीएनजी लागतं म्हणून मी नाव बदलून डॉट पीएनजी केलं तरी मागचा पांढरा डबा काही जाईना. मग एका ऑनलाईन साईटवर बॅकग्राउंड उडवलं, तिथून वेबपी (चित्राच्या फाईलचा नवा प्रकार) मिळाली, ती टाकली तर माझ्या लॅपटॉपवर क्रोम, फायरफॉक्स दोन्हीत एकदम ओके. पण मामाच्या जुन्या आयफोन 6 वर लोगोच्या जागी नुसती रिकामी चौकट, आणि बाकीच्यांकडे दिसतो पण घडाच्या कडेने बारीक पांढरी रेघ, जशी कात्रीने कापून चिकटवलीये. मामा म्हणे क्रोम टाकून बघतो, टाकलं, तरी तेच. ब्राउझरचा प्रॉब्लेम आहे का माझा?

भुसावळचा_बाबू:
दोघांचा आहे 😄 आयफोनचं आधी सांगतो. वेबपी सफारीत (आयफोनच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये) 14 व्या व्हर्जनपासून आलं, म्हणजे 2020 मध्ये, आणि आयफोन 6 तर आयओएस 12 वरच अडकलेला आहे, पुढचं अपडेट मिळतच नाही त्याला. क्रोम टाकून उपयोग नाही कारण त्या फोनवर क्रोमच्या आतलं इंजिन, म्हणजे पान दाखवणारा भाग, सफारीचंच असतं, वरचं पाकीट फक्त वेगळं. उपाय म्हणजे पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये पिक्चर टॅग लाव, त्यात आधी सोर्समध्ये वेबपी आणि शेवटी साधा इमेज टॅग पीएनजीचा, ज्याला वेबपी कळतं तो ते उचलेल, नाही कळत तो गपचूप पीएनजी दाखवेल. पण खरं सांगू का, एका लोगोसाठी एवढी उठाठेव कशाला, वीस-तीस केबीची फाईल असणार, सरळ पीएनजीच ठेव सगळ्यांना.

आणि नाव बदलून पीएनजी होत नसतं रे बाबा. भरताचं वांगं फ्रीजमध्ये ठेवून त्याला आईस्क्रीम म्हणण्यासारखं आहे ते. जेपीजीत पारदर्शकपणा ठेवायला जागाच नाही, सेव्ह करताना मागे कुठलातरी रंग भरला जातो, बहुतेक ठिकाणी पांढरा, कुठे काळा. ब्राउझर फाईलचं नाव नाही बघत, आतला माल बघतो, म्हणून तुझी ती फाईल उघडत होती पण डब्यासकट. शंका आली की फाईल नोटपॅडमध्ये उघडायची, सगळा कचरा दिसतो पण सुरुवातीलाच पीएनजी ही अक्षरं दिसली तर खरी.

धुळेकर_जुना:
आमच्या टायमाला तर पीएनजी असूनही रडायची वेळ यायची. इंटरनेट एक्स्प्लोररचं 6 नंबर, 2001 चं, पारदर्शक पीएनजीच्या मागे राखाडी ठोकळा दाखवायचं. मग अल्फा इमेज लोडर नावाचा फिल्टर सीएसएसमध्ये (पानाची सजावट ठरवणारा कोड) कोंबायचा, तो लावला की बॅकग्राउंडला लावलेलं चित्र रिपीट होत नसे. 2006 ला 7 नंबर आलं तेव्हा कुठे सुटलो, तरी गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरवर जुनंच बसलेलं असायचं बरीच वर्षं. काय सांगू भाऊ. कंटाळून जिफ वापरायचो, पण जिफमध्ये ठिपका एकतर दिसतो नाहीतर नाही, मधलं काही नाही, त्यामुळे गोल कडा करवतीसारख्या.

चोपड्याची_ताई:
पांढऱ्या रेघेबद्दल कोणी बोललंच नाही, आणि मूळ दुखणं तेच आहे. चित्राच्या कडेचे ठिपके अर्धवट असतात, नेहमीच्या पीएनजीत प्रत्येक ठिपक्याला 0 ते 255 असा अल्फा, म्हणजे किती दिसायचं त्याचा आकडा, असतो. फ्लेक्सवाल्याचा जेपीजी पांढऱ्यावर होता ना, मग कडेच्या ठिपक्यांत पिवळ्यासोबत पांढरा आधीच कालवलेला आहे, बॅकग्राउंड उडवणाऱ्या साईटला तो वेगळा काढता नाही आला. पांढऱ्या पानावर हे कळतसुद्धा नाही, तुझी पट्टी गडद हिरवी म्हणून उठून दिसतंय. त्यामुळे ती फाईल घासत बसू नकोस. फ्लेक्सवाल्याकडे कोरलची (ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते डिझाईन करतात) मूळ फाईल असणारच, तिच्यातून ट्रान्सपरंटची खूण करून पीएनजी एक्स्पोर्ट करून माग, जमलं तर एसव्हीजी (ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांनी बनलेली फाईल) पण माग, लोगोला तेच सगळ्यात बरं, कितीही मोठा करा फाटत नाही. फक्त घडाखाली मऊ सावली दिली असेल तर एसव्हीजीत ती कधीकधी वेगळीच येते, तपासून घे. आणि पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा जेपीजी करून देईल आणि तू पुन्हा इथे येशील.

केळीवाला_रावेर:
ताई दंडवत 🙏 फ्लेक्सवाल्याने आधी "तोच तर आहे, पाठवला ना" केलं, मग दुकानातच जाऊन बसलो, कोरलमधून पीएनजी काढून घेतली. रेघ गेली, मामाच्या फोनवर पण लोगो आला. मामाने फोन डोळ्याजवळ नेऊन बघितला आणि म्हणे बाकी ठीक आहे, पण हा घड काढणारा कधी मळ्यात गेला होता का, केळी खाली वळलेली काढलीत, फणीतलं केळं वर वळतं. आता परत फ्लेक्सवाल्याकडे.