अनुभव धागा: घरचा पीसी, घरचं नेट आणि दूरच्या शास्त्रज्ञांची आकडेमोड

त्रिमूर्तीनगरवाला
आत्ताच घरी फायबर आलं, १०० एमबीपीएस, आणि पीसी रात्रभर नुसता पडून राहते म्हणून म्हटलं बॉइंक टाकून पाहू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठवाल्यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे, एखाद्या प्रोजेक्टचा सर्व्हर आपल्या पीसीला कामाचा एक तुकडा देते, पीसी तो सोडवत बसते आणि उत्तर परत पाठवून पुढचा तुकडा मागते. आता प्रश्न असे की याला नेट किती लागते, राऊटरमध्ये पोर्टबिर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची दारं, उघडावे लागतात का, आणि नागपूरच्या मे महिन्यात हे चालवणं शक्य आहे का. ज्यांनी केलं असेल त्यांनी अनुभव टाका, जुने असले तरी चालतील. यातून तुला काय मिळते हा वाद इथे नका घालू, घरी रोज ऐकून राहिलो.

जुना मोडेम
आमची सुरुवात सेटी ॲट होमपासून, म्हणजे परग्रहावर कोणी हुशार जीव आहेत का ते रेडिओ संकेतांत शोधायचा बर्कलीचाच प्रोजेक्ट. १९९९ च्या मे महिन्यात ते निघालं तेव्हा आम्ही महालात राहायचो आणि घरी डायलअप, नेट लावलं की फोन एंगेज, मग आत्याचा फोन लागत नाही म्हणून बोलणी खायची. पण या कामाला नेट जवळजवळ लागायचंच नाही हेच तर त्याचं देखणेपण होतं. एक तुकडा साधारण ३४० केबीचा, मिनिट-सव्वा मिनिटात उतरला की लाइन तोडून मोकळे. आत असायचं १०७ सेकंदांचं रेडिओ रेकॉर्डिंग, तेही १४२० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्याचे २५६ काप केलेले त्यातला एक काप, आणि तेवढं चाळायला आमच्या पेंटियमला पूर्ण दिवस, कधी दोन. उत्तर तर अगदीच चिमूटभर.

तिकडेही नेटची बोंबच होती बरं का. पोर्टो रिकोतल्या अरेसिबोच्या दुर्बिणीपासून बर्कलीपर्यंत एवढा डेटा जाईल अशी लाइन नव्हती, म्हणून ३५ जीबीच्या टेपा भरायच्या आणि चक्क पोस्टाने पाठवायच्या. म्हणजे अख्ख्या साखळीत सगळ्यात दमदार कनेक्शन पोस्टमनचं! ३१ मार्च २०२० ला त्यांनी काम वाटणं थांबवलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती दुर्बीणही कोसळली.

हिंगणा रोड
नेटवर्किंगमध्येच पोट भरतो म्हणून पोर्टचं मी सांगतो. काही उघडू नको भाऊ. सर्व्हर तुझ्या घरी येत नाही, तुझा पीसीच त्याच्याकडे जाते, ब्राउझर जातो तसं एचटीटीपीवरून. म्हणून आजकाल शेकडो घरं एकाच आयपीच्या, म्हणजे नेटवरच्या एकाच पत्त्याच्या, मागे असतात तरी काही फरक पडत नाही. कोणीतरी सांगेल ३१४१६ उघड, तो घरातल्या घरात दुसऱ्या मशीनवरून बॉइंक कंट्रोल करायचा पोर्ट आहे, बाहेरच्यांसाठी बंदच ठेव.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी पाहा. नेट कोणत्या वेळेत वापरायचं ते ठरवता येते, अपलोड-डाउनलोडला मर्यादा घालता येते, आणि किती दिवसांचं काम साठवून ठेवायचं ते सांगता येते. आमच्याकडे लोडशेडिंगच्या काळात ही तिसरी सेटिंगच तारायची, लाइट आहे पण नेट नाही अशा वेळीही पीसी कामाला असायचा. फक्त ढीग साठवू नको, प्रत्येक तुकड्याला मुदत असते, ती उलटली की तोच तुकडा दुसऱ्याला जाते.

लॅबमधला पोट्टा
वरचे सगळे म्हणून राहिले नेट लागत नाही, ते अर्धंच खरं आहे. नेट लागत नाही अशीच कामं घरी पाठवतात! हे मला कॉलेजच्या लॅबमध्ये कळलं. आम्ही चार जणांनी लॅबचे चार पीसी १०० एमबीपीएसच्या स्विचवर जोडून क्लस्टर केला, नासामध्ये १९९४ ला बेओवुल्फ म्हणून केला होता त्याच धर्तीवर, लिनक्स आणि एमपीआय (पीसींनी एकमेकांना निरोप द्यायची सोय) टाकून. काम घेतलं एका तापलेल्या पत्र्यावर उष्णता कशी पसरते ते काढायचं, पत्र्याचे चार पट्टे केले, प्रत्येक पीसीला एक. आता गंमत पाहा, पट्ट्याच्या काठावरचं तापमान शेजारच्या पट्ट्यावर अवलंबून, म्हणून प्रत्येक पायरीला काठाचे आकडे शेजाऱ्याला द्यायचे, त्याचे घ्यायचे आणि मगच पुढची पायरी. पंगतीत शेवटच्याचं जेवण होईपर्यंत कोणी उठायचं नाही तसं. लहान पत्रा घेतला तर चार पीसी मिळून एका पीसीपेक्षा हळू! सर हसून राहिले होते. पत्रा बराच मोठा केला तेव्हा कुठे वेग आला, कारण पत्रा दुप्पट लांब-रुंद केला की आतलं काम चौपट होते पण काठ दुप्पटच.

आणि ही अवस्था स्विचवर, जिथे निरोप जायला मिलिसेकंदही लागत नाही. दोन घरांच्या मध्ये पिंगच, म्हणजे निरोप जाऊन परत यायचा वेळ, जर ३०-४० मिलिसेकंद असेल तर तेवढ्या वेळात प्रोसेसरच्या कोट्यवधी आकडेमोडी झाल्या असत्या, त्याऐवजी तो हात चोळत बसते. तुमचं १०० एमबीपीएस इथे कामाचं नाही, वेग वेगळा आणि वाट पाहणं वेगळं. म्हणूनच ऑक्सफर्डवाल्यांनी २००३ मध्ये हवामानाचा प्रोजेक्ट काढला तेव्हा पृथ्वीचे तुकडे करून घरोघरी नाही वाटले, प्रत्येकाला अख्खी पृथ्वी दिली, फक्त मॉडेलमधले आकडे जरा जरा बदलून. मला हे फार आवडलं, अडचणीला वळसा कसा घालायचा ते पाहा.

कूलरची टाकी
मानेवाडा, वरचा मजला, स्लॅब तापलेला. नेटवर एवढी चर्चा करून राहिले पण नागपुरात खरा प्रश्न उष्णतेचा आहे बाप्पा. खोलीतच ३८-४० असेल तर प्रोसेसर थंड कशाने होणार, तो आपणच वेग कमी करते, म्हणजे वीज खाल्ली आणि कामही कमी. कूलरसमोर पीसी ठेवतात काही लोक, ते करू नका, ती ओली हवा आहे. मी नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, पूर्ण बंद ठेवतो, एरवी उन्हाळ्यात प्रोसेसरचे अर्धेच कोअर आणि तेही रात्री. डिसेंबरात मात्र सगळे कोअर लावतो, खोली छान उबदार राहते, आई पण काही म्हणत नाही.

बिलाचा हिशोब सरळ आहे, जास्तीचे १०० वॉट चोवीस तास म्हणजे दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. तुमचं बिल ३०० युनिटच्या काठावर असेल तर हे ७२ वरच्या महागड्या स्लॅबमध्ये जाऊन पडतात.

गणितवाल्या बाई
मी निवृत्त शिक्षिका, माझा नाद मर्सेन मूळ संख्यांचा, म्हणजे दोनाच्या एखाद्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांचा. त्या शोधणारा जिम्प्स नावाचा प्रकल्प १९९६ पासून आहे, बॉइंकपेक्षा जुना. पूर्वी एका संख्येवर मशीन कितीतरी दिवस चालायचं आणि शेवटी पाठवायची ती एक ओळ. मग तीच संख्या दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यायची, म्हणजे काम दुप्पट. आता मशीन सोबत पुरावा तयार करतं, त्यामुळे तपासणी फार थोड्या कष्टात होते, पण ती पुराव्याची फाइल शे-सव्वाशे एमबीची असते आणि ती अपलोड करायची असते. तेव्हा कनेक्शन घेताना डाउनलोड नाही, अपलोड किती ते विचारा. आमच्या जुन्या कनेक्शनला उतरण्याचा वेग बरा होता, चढण्याचा अगदीच नावापुरता.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या जाहीर झाली ती मात्र घरच्या पीसीवर नाही, भाड्याच्या क्लाउडमधल्या जीपीयूवर (ग्राफिक्सच्या चिपवर) सापडली. मला जरा वाईटच वाटलं.

बर्डीवर दुकान
बाईंच्या त्या जिम्प्सचं जे सॉफ्टवेअर आहे, प्राइम९५, त्याच्यावर आम्ही नवीन असेंबल केलेले पीसी रात्रभर घासतो. रॅम कच्ची असली तर सकाळपर्यंत कळते. मूळ संख्या गेली उडत.

औंढ्याची लेक
माहेर हिंगोलीकडचं, सासर खामला. लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, औंढ्याजवळ होणार म्हटल्यावर मी आइन्स्टाइन ॲट होम लावलं. २००५ पासूनचा प्रोजेक्ट आहे, लायगोच्या डेटात फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या सतत येणाऱ्या गुरुत्वीय लहरी शोधतात, त्या अजून कोणालाच मिळालेल्या नाहीत. पण त्याच प्रोजेक्टने रेडिओ डेटात २०१० मध्ये एक पल्सार, म्हणजे रेडिओचे ठोके देणारा फिरता न्यूट्रॉन तारा, पकडला, अमेरिकेतल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एकाच्या कॉम्प्युटरवर. दोन ठिकाणी का, तर एकच तुकडा दोन घरी पाठवतात आणि उत्तरं जुळली तरच धरतात, कोणाच्या मशीनचा काय भरवसा. जुन्या मोबाइलवर पण चालतं, मुळातच सेटिंग अशी की काम चार्जिंगला असेल तरच आणि फायलींची देवघेव वायफायवर असेल तरच.

त्रिमूर्तीनगरवाला
धन्यवाद मंडळी, पोर्टचं टेन्शन गेलं. रात्री ११ नंतर, चार कोअर, दोन दिवसांचं काम साठवून सुरू करतो, आणि औंढ्याच्या ताईंचाच प्रोजेक्ट घेतो. जीपीयूवर कोणी चालवलं असेल तर वॉट किती वाढतात ते मीटरला पाहून लिहा, अंदाजे नको.