९६ वेलच्या (खळग्यांच्या) पीसीआर प्लेटमध्ये कडेला बॅन्ड येत नाही, मदत हवी आहे

वाळव्याची_रोपं
नमस्कार. वाळवा तालुक्यात आमची ऊस टिश्यू कल्चरची छोटी लॅब आहे. रोपं बाहेर सोडण्याआधी गवताळ वाढ रोगाच्या फायटोप्लाझ्मासाठी (सूक्ष्म जंतूसाठी) पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून जंतू शोधायची चाचणी, करतो. नमुने वाढले म्हणून ट्यूबच्या पट्ट्या सोडून प्लेटा घेतल्या, तेव्हापासून बाहेरच्या वेलमध्ये बॅन्डच (जेलवर दिसणारी डीएनएची रेघ) नाही. मधल्या वेल व्यवस्थित. मास्टर मिक्स (तयार रसायनांचं मिश्रण), प्रायमर (हव्या डीएनएवर जाऊन बसणारे छोटे तुकडे), मशीन सगळं तेच आहे. आडसालीसाठी शेतकऱ्यांचे रोज फोन येतात. कोणती प्लेट घ्यावी एवढंच लवकर सांगा.

मिरज_बेंच
एवढ्यावर काही सांगता येणार नाही. प्लेट स्कर्टवाली (भोवती उभी किनार असलेली) की बिनस्कर्टची? उंच की बुटकी? वरून फिल्म लावता की टोप्यांच्या पट्ट्या? रिअ‍ॅक्शन किती मायक्रोलिटरची? आणि रन संपल्यावर कडेच्या वेलमध्ये किती द्रव उरतो?

वाळव्याची_रोपं
२० मायक्रोलिटर. बिनस्कर्टची. कडेला निम्म्याहून कमी उरतं, कोपऱ्यात तर तळाला नुसती ओल. फिल्म पुरवठादाराने प्लेटबरोबर दिली तीच. पण प्लेटचं प्लास्टिकच हलकं असणार ना?

जुना_हात_कराड
द्रव उडतोय, दुसरं काही नाही. प्रत्येक वेलमध्ये वरून मिनरल ऑइलचा एक थेंब सोडा. गरम झाकणाची मशीन यायच्या आधी आम्ही वर्षानुवर्षं असंच केलं, कधी नमुना सुकला नाही.

मिरज_बेंच
दादा, तेलाने वाफ थांबते हे खरंच. पण फायटोप्लाझ्माची पीसीआर बहुतेक ठिकाणी नेस्टेड, म्हणजे दोन फेऱ्यांची, असते. पहिल्या फेरीतला द्रव दुसऱ्या फेरीत घालताना ९६ वेलच्या तेलाखालून पिपेट करायचं, मग तेच जेलवर लोड करायचं. रोजच्या कामात हे जमणार नाही.

जुना_हात_कराड
सवय असली की जमतं. हल्ली झाकणावर फार विसंबतात, ते नीट दाबलं गेलंय का हे कोणी बघत नाही.

मिरज_बेंच
झाकणाचं बोललात ते महत्त्वाचं आहे. द्रव उडाला की मॅग्नेशियम आणि क्षार दाट होतात, एन्झाइम मंदावतं, प्रायमर बसण्याचं गणित बिघडतं. म्हणून बॅन्ड जातो.

सांगली_पॅथॉलॉजी
आमच्याकडे एलायझाच्या (दुसऱ्या एका तपासणीच्या) ९६ वेलच्या प्लेटा पडून आहेत, भिंती चांगल्या जाड आहेत. चालतील का बघा, स्वस्तात देऊ.

मिरज_बेंच
ताई, नका देऊ. एलायझाच्या प्लेटा पॉलिस्टायरीनच्या, सपाट तळाच्या. ९५ अंशांना त्या मऊ पडतील, ब्लॉकच्या खड्ड्यात बसणारही नाहीत. पीसीआरला पॉलिप्रॉपिलीनच लागतं आणि वेलची भिंत मुद्दाम पातळ ठेवलेली असते, उष्णता झटकन आत-बाहेर व्हावी म्हणून. त्यामुळे वाळवेकर, हलकं दिसतं म्हणून प्लास्टिक वाईट असं नाही.

पलूस_ऊस
गवताळ वाढीसाठी बेण्याला ५४ अंशांची उष्ण बाष्प हवा प्रक्रिया करा. रोगट बेटं दिसली की मुळासकट काढा. एवढं केलं की तपासणीची कटकटच राहत नाही.

वाळव्याची_रोपं
भाऊ, आमच्याकडे बेणं नाही, बाटलीतली रोपं आहेत. मातृरोपात रोग असला तर तो सगळ्या रोपांत जातो आणि लहान रोपाकडे बघून कळतही नाही. तपासणी लागतेच.

तासगाव_बायोटेक
माझा अनुभव असा की पॉझिटिव्ह कंट्रोल (बॅन्ड यायलाच हवा असा माहितीतला नमुना) कोपऱ्यात ठेवू नये. मध्ये डी ६ ला ठेवा, रन पास होईल.

मिरज_बेंच
हा सल्ला कोणी घेऊ नका. कंट्रोल मध्ये नेला तर कोपऱ्यात शेतकऱ्याच्या लॉटचा नमुना येईल. तो सुकून मेला की जेलवर निगेटिव्ह दिसणार आणि रोगट रोप निरोगी म्हणून शेतात जाणार. उलट सील पक्कं होईपर्यंत एक कंट्रोल कोपऱ्यातच हवा, म्हणजे रन फसला तर तो कळेल.

तासगाव_बायोटेक
दोन ठेवा मग, एक मध्ये, एक कोपऱ्यात. मान्य. आणि आतल्या वेलचा निकाल आला तरी कडेच्या नमुन्यांचा अहवाल कोणाला देऊ नका.

मिरज_बेंच
आता एक साधी चाचणी. सगळ्या वेलमध्ये २० मायक्रोलिटर पाणी घाला, म्हणजे साधारण १.९२ ग्रॅम. सील करून प्लेटचं वजन घ्या, नेहमीचा प्रोग्रॅम चालवा, परत वजन घ्या. पुन्हा तेच टोप्यांच्या पट्ट्या लावून करा. टोप्यांनी वजन टिकलं तर प्लेट निर्दोष, फिल्म दोषी. साठवणुकीच्या फिल्मचा गोंद गरम झाकणाखाली सुटतो, आणि तो आधी कडेलाच सुटतो. दोन्हींत घटलं तर झाकण दाबत नसेल. तुमचा ब्लॉक ०.२ मिलिलिटरचा आणि प्लेट ०.१ ची बुटकी असेल तर झाकण वरपर्यंत टेकतच नाही.

वाळव्याची_रोपं
केलं. प्लेट ०.२ चीच आहे. टोप्या लावल्यावर वजन जवळजवळ तेवढंच. फिल्म लावून चांगलंच घटलं आणि काढताना फिल्मच्या कडा वर आलेल्या होत्या. पीसीआरसाठीची फिल्म मागवली आहे. ती येईपर्यंत टोप्यांवर काम करू. कडेला होते ते सगळे नमुने पुन्हा लावतोय, ते लॉट थांबवले आहेत.

जुना_हात_कराड
नवी फिल्म रोलरने कडेपर्यंत दाबा, हाताने नको. रन झाल्यावर प्लेट आधी स्पिन करा, मगच फिल्म सोला. नाहीतर फिल्मला चिकटलेला थेंब शेजारच्या वेलमध्ये जातो आणि नेस्टेडमध्ये एवढासा थेंबही खोटा बॅन्ड देतो.

पलूस_ऊस
को ८६०३२ या वाणाची रोपं कधी मिळतील? माझं रान तयार आहे.

वाळव्याची_रोपं
पुन्हा लावलेल्या नमुन्यांचा निकाल आल्याशिवाय तारीख देत नाही, भाऊ.

मिरज_बेंच
नव्या फिल्मचा रन झाला की तिचंही वजन इथे टाका. आणि झाकणाचं तापमान किती लावता? १०५ च्या आसपास हवं.