मदत हवी आहे : २^२५५ − १९ च्या अविभाज्यतेचा सहज तपासता येणारा दाखला

मंडळी, प = २^२५५ − १९ ही संख्या अविभाज्य असल्याचा दाखला (कुणालाही प्रोग्रॅमने पडताळता येईल असा पुरावा) बनवतोय. तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फक्त मॉड्युलर घात आणि मसावि हवेत. लंबवर्तुळी वक्र (अविभाज्यता सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग) नकोत.

प − १ = २^२ × ३ × ६५१४७ × क. यात क ७१ अंकी असून शेवट ९०७ ने होतो. क > √प, म्हणून पॉकलिंग्टनच्या प्रमेयाला (प − १ च्या अविभाज्य अवयवांवरून प ची अविभाज्यता सिद्ध करणारं प्रमेय) एकटा क पुरतो, मात्र क अविभाज्य हवा. २^(प−१) ≡ १ (मॉड प) आणि मसावि(२^७८१७६४ − १, प) = १ एवढंच तपासायचं. (आधी प ने मॉड्युलो घ्या, मगच मसावि, नाहीतर ७,८१,७६४ बिटांचा आकडा उगाच वागवावा लागतो.) २^((प−१)/२) ≡ −१ येतं, पण त्यावरून क बद्दल काहीच सिद्ध होत नाही.

घोडं अडतंय ते क पाशी, म्हणजे क स्वतः अविभाज्य आहे हे सिद्ध करण्यापाशी. मिलर-रॅबिन (संभाव्यतेवर आधारलेली चाचणी) म्हणजे पुरावा नव्हे. क ≡ ३ (मॉड ८), त्यामुळे क − १ मध्ये २ एकदाच येतो. क − १ चे पूर्ण अवयव पाडले तर प्रत्येक मोठ्या अवयवाचा वेगळा दाखला लागतो आणि साखळी लांबते. ब्रिलहार्ट-लेमर-सेल्फ्रिज (१९७५) पद्धतीत क − १ चा अवयव पाडलेला भाग फ हा क च्या घनमुळाहून मोठा, म्हणजे साधारण २४ अंकी, असला की भागतं. मग क = ग२·फ^२ + ग१·फ + १ असं मांडून (ग१, ग२ पूर्णांक) ग१^२ − ४·ग२ पूर्ण वर्ग नाही हे दाखवायचं. इथे फ्लोटिंग वर्गमूळ हमखास चुकतं, कारण त्यात जेमतेम ५३ बिट आणि आकडा दीडशे बिटांच्या वर.

प्रश्न दोन. ही वर्गाची अट कुणी पूर्णांक न्यूटन पद्धतीने (फक्त पूर्णांक वापरून टप्प्याटप्प्याने वर्गमूळ काढून) तपासली आहे का? आणि एकूण दाखला कशाने छोटा होतो, पूर्ण साखळीने की घनमुळाशी थांबून?