मदत हवी आहे: गॉर्डियन तिसऱ्याचं नाणं, अस्सल की ओतीव नक्कल?

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाने जर्मनीहून एक रोमन चांदीचं नाणं आणलंय. विकणाऱ्याच्या मते ते सम्राट गॉर्डियन तिसऱ्याचं (इ.स. २३८ ते २४४) अँटोनिनियानस, म्हणजे दोन डिनॅरियस (नेहमीचं रोमन चांदीचं नाणं) किमतीचं मानलं जाणारं नाणं आहे. वजन ४.२ ग्रॅम. एका बाजूला कोवळ्या चेहऱ्याचा, किरणांचा मुकुट घातलेला सम्राट. दुसरीकडे सूर्यदेव सोल उभा, उजवा हात उंचावलेला, डाव्या हातात गोल. भोवती ‘एटर्निटाटी ऑग’ (सम्राटाच्या चिरंतनत्वाला) अशी लॅटिन अक्षरं.

माझी शंका कडेवर आहे. भिंगातून पाहिलं तर सोलच्या पायाशी बारीक खड्डे दिसतात आणि कडेला एका जागी पुसटशी रेघ आहे. ठोकून पाडलेल्या नाण्याला अशी रेघ येते, की ही ओतीव नकलेच्या साच्याची खूण समजायची? साफ करायला मी हातही लावलेला नाही, चिंच-लिंबूवाले सल्ले कृपया नकोत!

आणखी एक. सम्राट कॅराकॅलाने इ.स. २१५ मध्ये अँटोनिनियानस हा प्रकार काढल्यापासून किरणांचा मुकुट त्यावर आहेच, आणि राण्यांच्या चित्राखाली चंद्रकोर. मग हा मुकुट दुप्पट किमतीची खूण म्हणूनच पाहायचा, की सम्राटाचं सूर्याशी नातंही त्यात धरायचं? जाणकारांनी सांगावं. फोटो कोणत्या बाजूंचे टाकू?