मदत हवी आहे: 'द विकर मॅन'चा कुठला कट आधी दाखवू?

मंडळी, रविवारी मेव्हण्याला १९७३चा 'द विकर मॅन' हा ब्रिटिश भयपट दाखवायचाय. त्याने अजिबात पाहिलेला नाही, शेवटही माहीत नाही (नशीबवान माणूस!). पण घोडं अडलंय ते कटवर, म्हणजे सिनेमाच्या वेगवेगळ्या संकलित आवृत्त्यांवर.

थिएटरवाला जेमतेम ८८ मिनिटांचा. त्यात गोष्ट घडते त्या बेटावरच्या दोन रात्रींची एकच रात्र केलीये आणि बेटाचा मालक झालेला ख्रिस्तोफर ली बराच उशिरा दिसतो. लांब कट साधारण १०० मिनिटांचा. त्यात बेटावर तपासाला जाणारा नायक सार्जंट हाउई, त्याचं पोलीस ठाणं, चर्च सगळं येतं, पण परत जोडलेले प्रसंग इतके धुरकट की डोळ्यांत खुपतात. २०१३चा 'फायनल कट' लांबीने या दोन्हींच्या मधला. चर्च आहे, ठाणं नाही.

माझा जीव अडकलाय तो रात्रीच्या प्रसंगात: खाली पबमध्ये 'जेंटली जॉनी' हे गाणं चाललंय, बाहेर ली उभा, पानांवर गोगलगायी. छोट्या कटमध्ये हे नाहीच! त्यामुळे माझा कल २०१३च्या कटकडे आहे.

पण ठाण्यात सहकारी हाउईच्या सोवळेपणाची टर उडवतात, ते न बघता तो नवख्याला नीट कळतो का? पहिल्यांदाच फायनल कट पाहिलेल्यांनी प्लीज सांगा. आणि शेवट फोडू नका, मेव्हणा याच ग्रुपवर आहे.