मदत हवी आहे: तासगाव ते न्हावा-शेवा रीफर कंटेनर, कळंबोलीची कोंडी कशी टाळावी?

नमस्कार मंडळी,

तासगाव तालुक्यात आमचे छोटे पॅकहाऊस असून हंगामात आम्ही निर्यातीच्या द्राक्षांचे चाळीस फुटी रीफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर न्हावा-शेवा बंदराला पाठवतो. विटा-कडेगावमार्गे कराड, पुढे खंबाटकीचा बोगदा, कात्रज-देहूरोड बाह्यवळण आणि मग द्रुतगती मार्ग, हा आमचा ठरलेला रस्ता. नवले पुलाचा उतार आणि खंडाळ्याचा घाट एकदा पार पडला की एवढ्या लांबच्या वाटेबद्दल फारशी तक्रार उरत नाही.

खरी अडचण शेवटच्या पंचवीस-तीस किलोमीटरची आहे. गेल्या फेब्रुवारीत आमची गाडी पहाटे पाचला पनवेलजवळच्या कळंबोलीत पोहोचली आणि बंदराच्या गेटवर लागायला दुपारचा एक वाजला. मधेच कंटेनरला वीज पुरवणाऱ्या जेनसेटचे (जनरेटरचे) डिझेल संपले, चालक रांग सोडून डिझेल घेऊन येईपर्यंत डिस्प्लेवरचा तापमानाचा आकडा शून्यावरून साडेतीन अंशांवर गेला होता. जहाजासाठी कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ (कट-ऑफ) हुकली, माल पुढच्या जहाजावर ढकलला गेला आणि तिकडच्या खरेदीदाराने देठ वाळल्याचे सांगून भाव पाडला. मणी कितीही टणक असला तरी देठ तपकिरी पडला की घड शिळा धरतात, हे बागायतदारांना वेगळे सांगायला नको.

या कोंडीवर उपाय म्हणून बंदराजवळचे पागोटे ते जुन्या महामार्गावरील चौक गाव हा २९.२१९ किलोमीटरचा सहापदरी महामार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ मार्च २०२५ रोजी मंजूर केला आहे. खर्च ४,५००.६२ कोटी रुपये असून डोंगरातून दोन बोगदे काढायचे आहेत. पळस्पे फाटा, डी पॉइंट आणि कळंबोली जंक्शन येथील गर्दीमुळे बंदरातून महामार्गाला लागायला दोन ते तीन तास जातात, असे त्या मंजुरीतच नमूद आहे; आम्हाला आठ लागले, ही गोष्ट निराळी. रस्ता होईल तेव्हा होईल, द्राक्षे मात्र त्याची वाट पाहत वेलीवर थांबणार नाहीत.

म्हणून या मार्गावर नियमित गाड्या पाठवणाऱ्यांना विचारतो. खोपोलीला द्रुतगती मार्ग सोडून जुन्या महामार्गाने चौकवरून पळस्प्याला उतरल्यास कळंबोली टळते, पण पळस्पे फाट्यावर तेवढाच वेळ जातो का? आमचे एक चालक खोपोलीहून पेणमार्गे जाण्याचा आग्रह धरतात. भरलेल्या चाळीस फुटी ट्रेलरला तो रस्ता झेपतो का? अवजड वाहनांवरील वेळेची बंदी लक्षात घेता तासगावहून गाडी किती वाजता सुटावी? आणि रांगेत वेळ लागणारच असेल, तर बंदराजवळ रीफरला वीजजोडणी देणाऱ्या एखाद्या यार्डात आदल्या रात्रीच कंटेनर उभा करणे परवडते का, याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का?

आमचा पहिला कंटेनर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात भरेल. कृपया आपण कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वेळी त्या रस्त्याने गेलात तेही उत्तरात लिहावे, कारण पावसाळ्यातल्या रिकाम्या रस्त्याचा हिशेब हंगामात लागू पडत नाही.