गणपतीच्या देखाव्यात मानसिक आरोग्य आणि मुलांची सुरक्षा घ्यायचंय, पण काहीतरी खटकतंय

मंदार_डोंबिवली
नमस्कार मंडळी. आमचं गल्लीतलं छोटं मंडळ आहे, १४० घरं, वर्गणी यथातथाच. गेल्या वर्षी किल्ला केला होता, त्याच्या आधी चांद्रयान. यंदा पोरं म्हणाली सामाजिक विषय घेऊया. त्याला कारण पण आहे, मार्चमध्ये आमच्याच बिल्डिंगमधला कॉलेजात जाणारा एक मुलगा गेला, जास्त लिहीत नाही, पण जिन्यात भेटला की "काय काका, मॅच बघितली का" असं रोज विचारायचा आणि आम्हाला कोणालाच काही कळलं नाही.
तर आयडिया दोन आल्यात. एक म्हणजे जिवंत देखावा, शेतकरी, झाड, दोर, आणि शेवटी स्पीकरवर जड आवाजात "आत्महत्या हा उपाय नाही". दुसरी, मंडपाच्या बाहेर गुड टच बॅड टचचे फ्लेक्स. बजेट ३५ हजार. मला दोन्हीत काहीतरी बरोबर वाटत नाहीये पण मीटिंगमध्ये नीट बोलता आलं नाही. कोणी असं काही केलंय का?

कट्ट्यावरचा_बाबू
केलंय. फ्लेक्सवर नेत्याचा हात जोडलेला फोटो सहा फूट आणि हेल्पलाइनचा नंबर खाली कोपऱ्यात मुंगीएवढा, त्यावर पण झालरीची माळ लोंबत होती. दहा दिवसांत एकाने तरी नंबर वाचला असेल तर मी मिशी काढतो. तुम्ही आपला किल्लाच करा.

शाळेतली_ताई
बाबूदादांचं अर्धं बरोबर आहे 😄 मी शाळेत समुपदेशक आहे म्हणून जरा लांब लिहिते.
मंदारदादा, तो दोर आधी काढा. विषय वाईट आहे म्हणून नाही, त्याबद्दल बोललंच पाहिजे, थेट विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन काही भरत नाही. पण पद्धत दाखवली, तो क्षण रंगवून दाखवला की जो आधीच काठावर आहे त्याला ते चित्र चिकटतं. जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांना हेच सांगते. व्हिएन्नामध्ये मेट्रोतल्या आत्महत्यांच्या बातम्या पेपरात रंगवून यायच्या, १९८७ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी पेपरवाल्यांना सांगून ते थांबवलं आणि आकडा एकदम खाली आला, बराच काळ खालीच राहिला. उलटं पण होतं, एखादा माणूस त्या अवस्थेतून कसा बाहेर आला, कोणाशी बोलला हे दाखवलं तर त्याने मदत होते. जिवंत देखावा करायचाच असेल तर हा करा ना, दोन मित्र, एक कट्टा, एक चहा.
आणि "उपाय नाही" हे वाक्य. ज्याला त्रास होतोय त्याला ते ओरडल्यासारखं लागतं. मग उपाय काय ते तर सांगा! १४४१६, टेलीमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे तरी माझ्या स्टाफरूममध्ये निम्म्यांना माहीत नव्हता. छापायच्या आधी तुम्ही स्वतः एकदा लावून बघा, म्हणजे कोणी विचारलं "फोन लावला की काय होतं" तर सांगता येईल.
अजून एक, काहीही ठरवायच्या आधी त्या मुलाच्या आईवडिलांना विचारून या. त्यांच्याच दारासमोर मंडप आहे.
मुलांचं म्हणाल तर आम्ही आता चांगला-वाईट असं म्हणतच नाही, सुरक्षित आणि असुरक्षित म्हणतो. वाईट म्हटलं की मुलाला वाटतं मीच काहीतरी वाईट केलं. शिवाय कधीकधी तो स्पर्श दुखत नसतो, गुदगुल्या असतात, चॉकलेट असतं, मुलाला कळणार कसं की हेच ते वाईट? त्यापेक्षा सिक्रेटचा नियम सांगा. सरप्राइज म्हणजे थोड्या दिवसांनी सगळ्यांना कळतं आणि सगळे खूश होतात, वाढदिवसाचा केक वगैरे. पण "आईला सांगू नको हां" असं कोणी मोठ्या माणसाने म्हटलं की ते त्याच दिवशी आईला सांगायचं. दुसरीतल्या एका पिल्लाने मला लगेच विचारलं, "मग बाबा गुपचूप वडापाव खातात ते?" म्हटलं ते तर आधी सांग 😂
आणि फ्लेक्सवर काळा कोट घातलेला अनोळखी राक्षस काढू नका प्लीज. बहुतेक केसेसमध्ये माणूस ओळखीचाच असतो, काका, शेजारी, क्लासचे सर. राक्षस बघून मुलं भलत्यालाच घाबरतात.

दस_नौ_आठ
ताईंना +१. मी कॉलेजात असताना चाइल्डलाइनला व्हॉलंटियर होतो, म्हणून १०९८ बद्दल लिहितो. ही हेल्पलाइन आपल्या मुंबईत सुरू झाली, १९९६ ला, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून, जेरू बिलिमोरिया बाईंनी, स्टेशनवर राहणाऱ्या पोरांसाठी. १० ९ ८ उलटे आकडे म्हणून तोंडात बसतात, पोरं गाण्यासारखं दस नौ आठ म्हणायची. पत्रकापेक्षा त्या चालीनेच नंबर जास्त पसरला असं माझं मत. २०२३ पासून सरकारने स्वतःकडे घेतलीय, ११२ ला जोडलीय, पण नंबर तोच आहे.
म्हणून नंबर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, तीन फुटांवर. सगळीकडे मोठ्यांच्या उंचीवर लावतात आणि म्हणतात मुलांसाठी आहे.
आता याचा कोणी विचारच करत नाही, ते. समजा फ्लेक्स वाचून एखादी मुलगी खरंच तुमच्या कार्यकर्त्याला येऊन काहीतरी बोलली. मग? आमच्या इथे एका मेळ्यात असं झालं आणि चार काका गोळा होऊन तिला "नक्की काय झालं, कोण होता, परत सांग" करत बसले, पोरगी गप्प झाली ती झालीच. एकाच माणसाने ऐकायचं, "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही" म्हणायचं, खोदून विचारायचं नाही, "कोणाला सांगणार नाही" असं खोटं वचन द्यायचं नाही. आणि लगेच १०९८ किंवा पोलीस. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे माहिती मिळाली की कळवणं आपल्याला बंधनकारकच आहे, सोसायटीत मिटवून टाकू हा ऑप्शन नाही. तिचं नाव ग्रुपवर टाकायचं नाही हे पण कार्यकर्त्यांना बजावून सांगा, आपल्याकडे तेच आधी होतं.

अमरावतीचा_पोट्टा
भाऊ, शब्द पण पाहून घ्या. आमच्या इकडे 'नैराश्य' म्हटलं का लोक म्हणतात आमच्या घरी कोणी येडं नाही. 'टेन्शन', 'जीव लागत नाही', 'झोप येत नाही' म्हटलं का लगेच बोलतात. गोव्यातल्या संगाथ संस्थेने आमच्या जिल्ह्यात ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम केला होता, त्याच्या इंग्रजी नावात पण ताण हाच शब्द होता. डॉक्टरची वाट न पाहता गावातलीच माणसं शिकवून तयार केली आन् ती घरोघरी गेली. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार होते, ते दीड वर्षात सत्तावीस झाले. पोस्टर लावून थोडीच झाले ते, दारात कोणीतरी बसून बोललं म्हणून झाले.

मेलबर्नची_सुनबाई
आमच्याकडे ऑस्ट्रेलियात सप्टेंबरचा दुसरा गुरुवार म्हणजे 'आर यू ओके' डे, "बरी आहेस ना" असं एकमेकांना विचारायचा दिवस. माझ्या ऑफिसात पिवळे कपकेक खातात आणि संपलं 🙄 पण त्यांच्या चार पायऱ्या खरंच चांगल्या आहेत: विचारा, ऐका, पुढचं पाऊल सुचवा, आणि काही दिवसांनी परत विचारा. ती चौथी पायरीच सगळे विसरतात. देखावा दहा दिवसांचा असतो, अकराव्या दिवशी कोण विचारणार ते आधी ठरवा.
आणि झिंबाब्वेचं शोधून वाचा, हरारेमध्ये दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकडी टाकलीत आणि त्यावर शिकवून तयार केलेल्या आज्या बसतात, लोक येऊन मन मोकळं करतात. २००६ च्या सुमाराला तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. चिबांडांनी सुरू केलं. तिथल्या शोना भाषेत नैराश्यासारख्या त्रासाला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'अति विचार करणं'. माझी आजी हेच म्हणायची, फार विचार करतेस तू.

मंदार_डोंबिवली
सगळ्यांचे खूप आभार, प्रिंट काढून मीटिंगला घेऊन गेलो. दोर कॅन्सल. शेतकरी पण कॅन्सल, डोंबिवलीत बसून आम्ही शेतकऱ्याचं काय दाखवणार. बाकड्यावर एकमत झालं, गेटजवळचं जुनं बाकडं रंगवून मंडपाच्या बाजूला ठेवतोय, स्पीकरपासून लांब. ए विंगमधल्या रिटायर्ड नर्सबाई आणि अजून दोघं संध्याकाळी ७ ते १० आळीपाळीने बसणार, विसर्जनानंतर दर रविवारी. ताई, तुमच्या शाळेतून कोणी येऊन त्या तिघांना दोन तास शिकवेल का? चहा-नाश्ता आमच्याकडे.
त्या मुलाच्या आईला भेटून आलो. चार दिवस टाळत होतो खरं तर. त्या म्हणाल्या बाकडं ठेवा, चांगलं आहे. मग थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, आणि म्हणाल्या, मार्चपासून तुम्ही लोकांनी आमच्याकडे कशालाच बोलवायचं बंद केलंत, हळदीकुंकू नाही, सत्यनारायण नाही, यंदा आरतीला तरी हाक मारा. मला काय बोलावं सुचेना. पहिल्या दिवशीची आरती त्यांच्या हातून ठेवलीय.
आणि बाबू, मिशी सांभाळ. आज प्रिंटिंगवाल्याला सांगितलं १०९८ आणि १४४१६ दोन-दोन फुटी पाहिजेत, बाकी काही नको. तो म्हणतो, अहो मग साहेबांचा फोटो कुठे बसवू?